'डीजनरेशन' म्हणजे नेमके काय? जुन्या ग्रंथांतल्या वंशऱ्हासाच्या कल्पनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १८५० ते १९३५ या काळातले युरोपीय वैद्यक, गुन्हेशास्त्र, समाजशास्त्र किंवा कलासमीक्षा वाचायला घेतली की हा शब्द पानोपानी आडवा येतो. मराठी अनुवादात त्याचे कधी 'अधःपतन' होते, कधी 'ऱ्हास', कधी 'अवनती', आणि वाचणाऱ्याला वाटते की लेखक नुसता काळाच्या नावाने बोटे मोडतो आहे. तसे नाही. त्या काळी हा शब्द वैद्यकीय निदान म्हणून वापरला जात होता.

डॉक्टरांच्या रिपोर्टात 'डीजनरेटिव्ह चेंजेस' लिहिलेले असते. तेच का हे?

नाही. ती मणक्याची किंवा गुडघ्याची झीज. एका माणसाच्या एका सांध्यात होते आणि त्याच्याबरोबर संपते. जुन्या ग्रंथांतले डीजनरेशन बापाकडून मुलाकडे जाते आणि जाताना वाढते, असा दावा होता.

शब्द मुळात आला कुठून?

लॅटिनमध्ये 'गेनुस' म्हणजे कुळ, जात, वाण. त्यापासून ढळणे म्हणजे डीजनरेशन. आपल्याकडे शेतकरी 'वाण बिघडले' म्हणतो, त्याच्या बराच जवळचा अर्थ.

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफाँ याने १७६६ साली प्राण्यांच्या डीजनरेशनवर प्रकरण लिहिले. हवामान, चारा आणि माणसाळवणे यांमुळे प्राणी मूळ रूपापासून दूर जातात, असे त्याचे म्हणणे. अमेरिकेतले प्राणी आकाराने लहान आणि दुबळे असतात, असेही त्याने ठोकून दिले होते. थॉमस जेफरसनला हे इतके झोंबले की त्याने दोन्ही खंडांतल्या प्राण्यांच्या वजनांचे तक्ते छापले आणि १७८७ मध्ये मूस या प्रचंड अमेरिकन हरणाचे कातडे, हाडे आणि शिंगे चक्क पॅरिसला मागवून घेतली.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ ब्लूमेनबाख याने माणसांचे पाच प्रकार पाडले (१७९५ ची आवृत्ती), तेव्हा मूळ प्रकारापासून बाकीचे चार 'ढळले' असे त्याने याच शब्दात लिहिले. इथे बरेच वाचक घसरतात. ब्लूमेनबाखच्या वापरात 'ढळणे' म्हणजे बदलणे, नासणे नव्हे. आफ्रिकी लोकांची बुद्धी कमी असते या मताविरुद्ध तो उभा राहिला होता आणि आफ्रिकी लेखकांची पुस्तके मुद्दाम जमवत होता. मात्र मूळ प्रकार म्हणून त्याने युरोपीयच निवडला. पुढच्यांना तेवढे पुरले.

मग हे निदान कधी झाले?

१८५७ मध्ये. बेनेदिक्त ओग्युस्तँ मोरेल (१८०९–१८७३) हा व्हिएन्नात जन्मलेला फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ. आधी नान्सीजवळच्या मारेव्हिल इथल्या आणि मग रुआँजवळच्या सँ-यों इथल्या मनोरुग्णालयात त्याने काम केले. मानवजातीच्या शारीरिक, बौद्धिक आणि नैतिक ऱ्हासावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ त्या वर्षी निघाला, सोबत बारा चित्रफलकांचा ॲटलास. माणसाच्या मूळ, आदर्श नमुन्यापासून झालेले रोगट विचलन म्हणजे डीजनरेशन, ही त्याची व्याख्या. मोरेल श्रद्धाळू कॅथलिक होता आणि त्याचा आदर्श नमुना म्हणजे पतनापूर्वीचा, देवाची आज्ञा मोडण्याआधीचा पहिला माणूस ॲडम. नमुना बायबलमधून आणि रोगी रुग्णालयातून, अशी ही सांगड आहे. ती लक्षात घेतली नाही तर त्याचा अर्धा ग्रंथ कळत नाही.

चार पिढ्यांची शिडी म्हणतात ती कोणती?

मोरेलच्या नावावर पाठ्यपुस्तकांत ती अशी छापली जाते: पहिल्या पिढीत चिडका, अस्थिर स्वभाव आणि बेताल वागणे, दुसरीत मेंदूचे झटके, अपस्मार, हिस्टेरिया, दारू, तिसरीत वेड आणि आत्महत्या, चौथीत जन्मजात बौद्धिक अक्षमता, शारीरिक व्यंग आणि वंध्यत्व. तिथे वंश संपतो.

यात रोग तोच राहत नाही, पिढीगणिक रूप बदलतो. त्यामुळे सिद्धांत कधीच चुकू शकत नाही. आजोबा दारुडा आणि नातू फेफऱ्याचा, पुरावा मिळाला. आजोबा फेफऱ्याचा आणि नातू दारुडा, तरी पुरावा मिळालाच.

मोरेलने कारणे काय दिली होती?

हा भाग नीट वाचण्यासारखा आहे. दारू, अफू, तंबाखू, दलदलीतला ताप, राय धान्यावरची अर्गट बुरशी, मक्यावर जगणाऱ्यांचा पेलाग्रा, डोंगरी खोऱ्यांतले गलगंड आणि क्रेटिनिझम, कारखान्यातली विषारी धूळ, गलिच्छ वस्ती, उपासमार. म्हणजे निम्म्याहून अधिक यादी पाणी, अन्न आणि घर यांची. माणूस आपल्या डोळ्यांनी खरे तेच पाहत होता. गोंधळ पुढच्या पायरीवर झाला: बाहेरून आलेली इजा रक्तात शिरते आणि मग बाहेरचे कारण नसले तरी पुढे चालत राहते, असे त्याने धरले.

क्रेटिनिझमचे उदाहरण जवळून पाहू. आल्प्सच्या खोऱ्यांत गळ्याला गाठ, बुटके शरीर, ऐकू न येणे, मंद बुद्धी अशी माणसे एकेका गावात डझनांनी सापडत. आई-बापांना गलगंड, मुले क्रेटिन, त्यांची भावंडेही तशीच. वंशऱ्हासाचा याहून ठळक नमुना कुठला? मोरेलने आधी कारण जमिनीत शोधले. शाँबेरीच्या आर्चबिशपांशी या विषयावर झालेला त्याचा पत्रव्यवहार १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. दिशा बरोबर होती. त्याच दशकात पॅरिसमध्ये आदोल्फ शातँ सांगत होता की त्या भागांतल्या पाण्यात आणि मातीत आयोडीन कमी आहे. त्याचे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर बाईला २५०. हिशोब केला तर सत्तर वर्षांच्या आयुष्यात चार ग्रॅमसुद्धा भरत नाही, एखादा चहाचा चमचा. गरोदरपणी आईला ते मिळाले नाही तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. मूल त्याच गावात, त्याच पाण्यावर वाढते, त्याच गावात लग्न करते, त्याचेही मूल तसेच. बाहेरून पाहणाऱ्याला हे आनुवंशिकच दिसणार. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या आपेनझेल आउसररोडन प्रांतात हान्स एगेनबर्गर या डॉक्टरने आयोडीनयुक्त मीठ सुरू करवले आणि नवी क्रेटिन मुले जन्माला यायची थांबली. रक्त तेच, गाव तेच, मीठ बदलले. आपल्याकडे हिमालयाच्या पट्ट्यात, कांगडा खोऱ्यात, १९५६ पासून रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हेच करून दाखवले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. किराणा दुकानातल्या मिठाच्या पुडीवर 'आयोडाइज्ड' लिहिलेले असते, त्याची ही पूर्वपीठिका.

पेलाग्रा आणि ज्वारीचा काही संबंध आहे म्हणतात, तो काय?

आहे. पेलाग्रात उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर आणि हातांवर काळपट, खरखरीत चट्टे येतात, जुलाब लागतात आणि शेवटी वेड लागते. उत्तर इटलीतली मनोरुग्णालये अशा शेतमजुरांनी भरलेली असत. दारिद्र्य, वेड, पिढ्यानपिढ्या तीच घरे. सिद्धांताला हवे ते सगळे तयार.

मूळ कारण नियासिन या जीवनसत्त्वाची कमतरता. मक्यात ते असते पण बांधलेले. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते मोकळे होते. मका युरोपात आला, चुना तिकडेच राहिला. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गरने १९१४ पासून आहार बदलून रोग हटतो हे दाखवले. १९३७ मध्ये नियासिन हेच औषध असल्याचे कळले. उपचाराची मात्रा दिवसाला ३०० मिलीग्रॅमच्या आसपास, विभागून, तीन-चार आठवडे.

दख्खनच्या पठारावर मका नव्हे, ज्वारी. नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या मजुरांत इथेही पेलाग्रा दिसे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतल्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाशी जोडला. भाकरीबरोबर दूध, डाळ, मूठभर शेंगदाणे असले तर हा प्रश्न येत नाही. म्हणून ज्वारी वाईट असा अर्थ कृपया काढू नये. ताटात दुसरे काही नसणे वाईट.

कान, जबडा, कपाळ यांवरून 'ढळलेला' माणूस ओळखता येतो, हे कोणी आणि कसे ठरवले?

चिकटलेली कानाची पाळी, दोन्ही बाजूंनी विषम चेहरा, पुढे आलेला जबडा, टाळूची उंच कमान, वाकडे दात. अशा खुणांना 'स्टिग्मा' म्हणत. मोरेलच्या नावाचा एक कानाचा प्रकारसुद्धा आहे. यादी सर्वांत लांबवली ती इटलीत तुरीनच्या चेझारे लोंब्रोझो या डॉक्टरने. विलेल्ला नावाच्या कैद्याच्या कवटीत मागच्या बाजूला, जिथे एरवी हाडाची कड असते, तिथे त्याला खळगा दिसला आणि त्यावरून गुन्हेगार हा आदिमानवाकडे परतलेला माणूस असतो असे त्याने ठरवले. १८७६ मध्ये ग्रंथ आला. (काटेकोरपणे पाहिले तर हे पूर्वजांकडे परतणे, म्हणजे ॲटॅव्हिझम, आणि मोरेलचे रोगट ढळणे या वेगळ्या गोष्टी. लोंब्रोझोने पुढे दोन्हींची खिचडी केली.)

खुणांची गल्लत हिशोबाने दाखवता येते. समजा यादीत वीस खुणा आहेत आणि प्रत्येक खूण दहातल्या एका साध्या माणसात एकमेकींशी संबंध नसताना आढळते. मग किमान एक खूण असलेले लोक निघतील ८८ टक्के. तीन किंवा अधिक खुणा असलेले ३२ टक्के, म्हणजे जवळजवळ तिघांत एक. यात गुन्हा, वेड, वंश काहीच नाही, नुसता योगायोग आहे. तुरुंगात जाऊन मोजले की तिघांत एक 'ढळलेला' सापडतोच. बाहेरच्या बाजारात मोजले असते तर तिथेही सापडला असता. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंगने तीनएक हजार कैद्यांची मापे घेऊन ती सैनिक, विद्यार्थी अशा बाहेरच्या लोकांशी ताडून पाहिली. १९१३ मध्ये त्याने जाहीर केले की गुन्हेगाराचा असा वेगळा शरीरप्रकार नाही. मात्र गुन्हेगार बुद्धीने कमी असतात आणि ते आनुवंशिक असते, असे त्याने त्याच ग्रंथात लिहिले. चेहरा गेला, रक्त राहिले.

चार पिढ्यांच्या वंशावळी तर खऱ्या असत ना?

कागद खरे, निवड चुकीची. वंशावळ रुग्णालयातल्या रोग्यापासून मागे काढली जाई. ज्या घराण्यात आजोबा दारुडे पण नातवंडे धडधाकट, ते घराणे डॉक्टरच्या दारात येतच नव्हते. शिवाय आजोबांना वयाच्या पन्नाशीत झालेला आजार नातवात दिसायचा तर तो लहान वयातच दिसणार, कारण नातू अजून पन्नाशीला पोचलेलाच नाही. रोग दर पिढीत लवकर येतो असा भास यातून होतो. लायोनेल पेनरोजने १९४८ मध्ये हे फोड करून सांगितले.

गंमत अशी की नंतर काही थोड्या रोगांत हे खरोखर घडते असे निघाले. हंटिंग्टनचा रोग किंवा मायोटोनिक डिस्ट्रॉफी यांत जनुकातला एक तुकडा पिढीगणिक लांबू शकतो आणि रोग लवकर येतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे कळले. पण तिथे रोग तोच राहतो. शिडीवरचे बेतालपणा–दारू–वेड–वंध्यत्व असे रूपांतर तिथे नाही.

दारूने पुढची पिढी बिघडते हे तर आजही डॉक्टर सांगतात. मग चुकले काय?

गरोदरपणी आई दारू प्यायली तर बाळाच्या मेंदूला इजा होते. १९६८ मध्ये फ्रान्समध्ये आणि १९७३ मध्ये अमेरिकेत याची लक्षणे नीट मांडली गेली. ही गर्भातली इजा आहे. ते मूल मोठे होऊन दारूपासून लांब राहिले, तर त्याच्या मुलांत ती उतरत नाही. जुन्या सिद्धांतात ती उतरायलाच हवी होती.

कलावंतांना 'डीजनरेट' कधीपासून म्हणू लागले?

माक्स नोर्दाउच्या 'एन्टआर्टुंग' (डीजनरेशनचा जर्मन प्रतिशब्द) या ग्रंथापासून, १८९२–९३. हा पेस्टमध्ये जन्मलेला, पॅरिसमध्ये व्यवसाय करणारा ज्यू डॉक्टर. ग्रंथ त्याने लोंब्रोझोला अर्पण केला आणि वाग्नर, इब्सेन, टॉलस्टॉय, झोला, नीत्शे, वाइल्ड अशा सगळ्यांना त्यात रुग्ण ठरवले. रोगी न तपासता, नुसत्या ओळी वाचून. ऑस्कर वाइल्डने १८९६ मध्ये तुरुंगातून गृहमंत्र्यांकडे सुटकेचा अर्ज केला, तेव्हा आपला गुन्हा हा आजार आहे हे दाखवण्यासाठी त्याने लोंब्रोझो आणि नोर्दाउ यांचाच हवाला दिला. ज्या ग्रंथात आपल्याला रुग्ण ठरवले तोच साक्षीला! १९३७ मध्ये नाझींनी म्युनिकमध्ये भरवलेल्या 'अवनत कला' प्रदर्शनाच्या नावात हाच जर्मन शब्द आहे. शब्द लोकप्रिय करणारा ज्यू होता, ते त्यांना आड आले नाही.

वंश आपोआप संपतो की भराभर वाढतो?

चांगला प्रश्न, कारण ग्रंथ या दोन्ही गोष्टी सांगतात. मोरेलच्या मते चौथ्या पिढीत वंध्यत्व येते आणि प्रकरण मिटते. इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टनने १८८३ मध्ये 'युजेनिक्स' (सुप्रजनन, म्हणजे कोणाला मुले व्हावीत हे निवडून वंश सुधारणे) हा शब्द घडवला, त्यानंतरच्या मंडळींची भीती उलटी: हे लोक इतरांपेक्षा जास्त मुले काढतात. उपायही त्याप्रमाणे बदलले. मोरेलच्या चौकटीत दलदल कोरडी करणे, दारूला आळा घालणे बसत होते. पुढे सक्तीची नसबंदी आली: अमेरिकेत इंडियाना राज्याचा कायदा १९०७ चा, जर्मनीचा जुलै १९३३ चा. जर्मनीत सुमारे चार लाख माणसांवर ती झाली.

मधली एक वाट ब्रिटनने १९०४ मध्ये धरली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या भरतीत शहरी तरुण मोठ्या संख्येने नापास झाले आणि ओरड झाली की वंशच खचला. सरकारी समिती नेमली गेली. तिने सांगितले की सतत वाढत जाणाऱ्या ऱ्हासाचा पुरावा नाही, भूक आणि घाण आहे. त्यातून १९०६ मध्ये शाळेतल्या जेवणाचा कायदा आणि १९०७ मध्ये शाळेतली वैद्यकीय तपासणी आली. तीच पोरे, तीच हाडे. एका देशात जेवण, दुसऱ्यात शस्त्रक्रिया.

म्हणजे हे आपले कलियुगच ना? वर्णसंकर वगैरे?

नाही. युगांचा ऱ्हास साऱ्या विश्वाचा, ठरलेल्या चक्राचा, आणि सत्ययुग पुन्हा येणारच. वर्णसंकराचे कारण स्मृतींमध्ये लग्नाचे नियम मोडणे हे आहे, दलदल किंवा बुरशी नव्हे. मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडे काही लेखकांनी वर्णसंकर आणि युजेनिक्स यांची मोट बांधली आणि जातीतल्या जातीत लग्न म्हणजे सुप्रजनन, असे सांगितले.

महाराष्ट्रात या कल्पनेचा माग कुठे लागतो?

तीन ठिकाणे सांगतो.

पहिले, समाजसुधारणेचा वाद. बालविवाहाने संतती क्षीण होते हा मुद्दा समाजसुधारक बेहरामजी मलबारींच्या १८८४ च्या टिपणांत आहे आणि संमतिवयाच्या चर्चेत तो पुन्हा पुन्हा येतो. सुधारकही हीच भाषा बोलत होते, हे विसरू नये.

दुसरे, डॉ. आंबेडकरांचे १९३६ चे जातिनिर्मूलनावरचे न झालेले भाषण. जात म्हणजे सुप्रजनन म्हणणाऱ्यांना ते त्यांच्याच मापाने मोजतात: तसे असते तर हिंदू 'सी-थ्री' लोक, खुजे आणि दमसास नसलेले, का निघाले? 'सी-थ्री' हा पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी वैद्यकीय तपासणीतला खालचा दर्जा. मराठी अनुवाद वाचताना हा शब्द नुसता विशेषण म्हणून पुढे ढकलला जातो आणि टोला हुकतो.

तिसरे, इरावती कर्वे. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत, वंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशरच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या विषमतेवर प्रबंध केला. युरोपीय आणि इतर वंशांत फरक निघेल ही गुरूची अपेक्षा. १४९ कवट्या मोजून त्यांनी लिहिले की विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. हे १९३० च्या सुमारास, त्या संस्थेत बसून.

गुन्हेगार जमाती कायदा याच सिद्धांतातून आला का?

सरसकट तसे म्हणू नये. १८७१ चा कायदा लोंब्रोझोच्या ग्रंथाच्या पाच वर्षे आधीचा. त्यामागचा तर्क 'सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर' असा, जातीच्या धंद्यावर बेतलेला. कवटीशी त्याला देणेघेणे नव्हते. १९११ मध्ये कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला, सोलापुरात काटेरी तारांच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. नोंद, हजेरी, गावाबाहेर जायला पास. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पुढच्या काळातले अधिकारी मात्र वंशशास्त्राची भाषा उसनी घेताना दिसतात, तेव्हा कागदाची तारीख आधी पाहावी.

अनुवाद करताना कोणता शब्द वापरावा?

एकच शब्द सगळीकडे चालवू नये. बुफाँ, ब्लूमेनबाखसाठी 'ढळणे' किंवा 'मूळ रूपापासून विचलन'. मोरेल आणि त्याच्या शिष्यांसाठी 'वंशऱ्हास', कारण नुसत्या 'ऱ्हास'मधून पिढ्या गळतात. नोर्दाउसाठी 'अवनती'. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रे लँकेस्टरच्या १८८० च्या जीवशास्त्रीय निबंधात परजीवी प्राणी अवयव गमावून साधे होतात असा अर्थ आहे, तिथे 'अपकर्ष' बरा. 'इडियट', 'क्रेटिन' हे तेव्हाचे वैद्यकीय वर्ग होते. ते देवनागरीत तसेच ठेवावेत आणि पहिल्या उल्लेखाला आजचा शब्द द्यावा. 'वेडसर', 'मठ्ठ' असे घरगुती शब्द घातले की लेखक शिव्या देतो आहे असे वाटते आणि निदानाचा थंडपणा, जो जास्त भयंकर आहे, तो निसटतो.

अनोळखी जुन्या ग्रंथात हा शब्द सापडला तर आधी काय तपासावे?

उपाय काय सुचवला आहे ते. शेवटचे प्रकरण आधी उघडा. गटार, मीठ, शाळेतले जेवण असेल तर लेखक मनातून परिस्थितीला कारण धरतो आहे, वर रक्ताची भाषा कितीही असो. कोंडणे, वेगळे ठेवणे, मुले होऊ न देणे असेल तर आधीच्या चारशे पानांतली दलदल नुसती सजावट. मग मागे येऊन पाहा: मूळ नमुना कोणाचा धरला आहे, किती माणसे मोजली, आणि तुलनेला बाहेरचे कोणी मोजले का. तिसऱ्या प्रश्नाला १९०० पूर्वीचे बहुतेक ग्रंथ उत्तर देत नाहीत. तक्ते असले तरी स्तंभ एकच असतो, तुरुंगातला.

मोरेल वाचायला कुठून सुरुवात करावी?

फ्रेंच येत असेल तर प्रस्तावना सोडा, ती बायबलची आहे आणि तिथेच बहुतेकांची दमछाक होते. क्रेटिनिझमचा भाग घ्या, ॲटलास शेजारी उघडा ठेवा, आणि प्रत्येक रोग्याच्या वर्णनात त्याचे गाव कुठले हे पेन्सिलीने अधोरेखित करत जा.